गालात रुतलेली दाढ

गाल कुणाचा चावला जात नाही? घाईत जेवणाऱ्याचा तर हमखास. म्हणून सर्वेश खवणेकरने पहिल्यांदा तिकडे लक्षच दिलं नाही. पेडवे माशांचं झणझणीत तिखलं आणि गरम भात पुढ्यात होता, सकाळपासून पोटात काही नव्हतं, आणि दोन-चार घासांतच डाव्या गालाचं मांस कचकन दाताखाली सापडलं. डोळ्यांत पाणी आलं. समोर बसलेली आई, आनंदी, हसून म्हणाली, "कोणतरी तुझी आठवण काढता हा."

"काढणाऱ्याक सांग, वायच दमान काढ," तो म्हणाला आणि उरलेला भात उजव्या बाजूने जेवला.

दुसऱ्या दिवशी त्याच जागी पुन्हा. चावलेला गाल सुजतो, सुजला की आत येतो, आत आला की परत दाताखाली जातो, हे त्याला आठवडाभरात कळून चुकलं. जीभ लावली की आत एक फुगीर, खरखरीत पट्टा लागायचा. त्याच्या मागे, अगदी टोकाला, वरची अक्कलदाढ अर्धवट बाहेर आली होती.

वडील, सत्यवान, पडवीत जाळं सांधत बसले होते. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "आमका अक्कलदाढ कधी इली ता कळला पण नाय. तुका पंचविशीत अक्कल येता हा. येवंदे."

सर्वेश हसला. तेव्हा हसता येत होतं.

त्याचं काम तोंडाचं होतं, हे लोकांच्या लक्षात यायचं नाही. मालवणच्या किनाऱ्यावर जितेंद्र मालंडकरची बोट होती. ती टूरिस्टांना किल्ल्याच्या बाजूच्या खडकांजवळ घेऊन जायची. तिथे सर्वेश एकेकाला पाण्याखाली उतरवायचा. आलेल्यांपैकी बहुतेकांना पोहताही येत नसे. सर्वेश त्यांच्या पाठीवरचा सिलेंडर धरून त्यांना हळूहळू खाली न्यायचा, मासे दाखवायचा, फोटो काढायचा, वर आणायचा. हे सगळं होईस्तोवर हवेच्या नळीचा रबरी तुकडा दातांत घट्ट धरून ठेवायचा. उतरण्यापूर्वी तो प्रत्येकाला तेच बजावायचा, "काहीही झालं तरी तोंडातलं सोडायचं नाही. श्वास त्याच्यातूनच."

तो रबरी तुकडा आता त्याच्याच गालाच्या जखमेवर घासत होता. एकेक टूरिस्ट वर आला की सर्वेश बोटीच्या कडेला धरून तोंडातलं खारं, लालसर पाणी थुंकायचा. मिठाचं पाणी जखमेला चांगलं, असं सगळेच म्हणत. दिवसभर अख्खा समुद्र तोंडात धरून बघा, मग सांगा, असं त्याला म्हणावंसं वाटे.

"जितूदादा, दोन दिवस सुट्टी होयी," त्याने एकदा विचारलं.

"कित्याक?"

"दाढ दाखवून येतंय कुडाळाक."

जितेंद्र सिलेंडर मोजत होता. "अरे, एक दाढ ती! दिवाळीची गर्दी तोंडार आसा आणि तू दाढ घेवन बसलंस? अर्धो दिवस जा. दोन कित्याक?"

सर्वेश अर्धा दिवस गेला. कुडाळच्या डॉक्टरांकडे गर्दी होती. त्यांनी आरसा घातला, "जरा मोठं उघडा," म्हणाले. सर्वेशला मोठं उघडता येईना, कारण ताणलं की जखम फाटत होती. "दाढेचा कोपरा टोकदार आहे, तो घासून देतो," ते म्हणाले. मशीन गुरगुरलं, जळकट वास आला, आणि काम झालं.

आणि खरंच बरं वाटलं. दिवाळीच्या गर्दीत त्याने मान वर न काढता काम केलं, घरी येऊन दोन्ही बाजूंनी जेवला. आईला म्हणाला, "बघ, उगीच घाबरलंय." दाढेची गोष्ट तो विसरूनही गेला.

मग एका सकाळी आंबोळी खाताना पुन्हा तसाच कचकन आवाज. तीच जागा.

या वेळी त्याचं डोकंच फिरलं. त्याने ताट सरकवलं, उठला, पडवीतल्या खांबावर मूठ आपटली. आई धावत आली. "काय झाला?"

"परत चावलो!"

"मगे वायच सावकाश जेव. कोण तुझ्या पाठी लागलो नाय."

"आये, मी सावकाशच जेवतंय! आणखी किती सावकाश जेवू? आंबोळी ती, दगड नाय!"

तो पुन्हा कुडाळला गेला. डॉक्टरांनी गाल बघितला. आत पांढरट चट्टा धरला होता. ते म्हणाले, "तुम्हाला गाल चावायची सवय लागलीय. नकळत चावत असणार. कसलं टेन्शन आहे का? लग्न वगैरे?"

सवय. मोटारसायकलवरून परत येताना हा शब्द त्याच्या डोक्यात घोंगावत राहिला. कोण स्वतःचं मांस सवयीने खातं? पण वाटेतलं कट्टा गाव ओलांडल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण खरोखरच गाल दातांत ओढून धरलाय, तो फुगीर पट्टा चाचपत. त्याला स्वतःचाच राग आला. त्यात डॉक्टरांचं बरोबर निघालं याचाही.

लग्नाचं डॉक्टरांनी सहज विचारलं होतं, पण ते खरं होतं. कट्ट्याच्या गुरुप्रसाद नाईकांच्या चारुताचं स्थळ आलं होतं. ती कुडाळला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढायची. दोघं एकदा भेटली होती, दोन-चारदा फोनवर बोलली होती, आणि सर्वेशला ती आवडली होती. ती बोलताना घाई करायची नाही, आणि तो पाण्याखालच्या गोष्टी सांगायचा तेव्हा प्रश्न विचारायची. खडकावरचा मासा आपल्याला ओळखतो का, असं तिने विचारलं होतं. आता तिच्या घरचे घर बघायला येणार होते.

आनंदीने वडे-सागोतीचा बेत केला. गुरुप्रसाद, त्यांची बायको, चारुता आणि तिची मावशी अशी माणसं आली. गुरुप्रसादांचं कट्ट्याला हार्डवेअरचं दुकान होतं. माणूस शांत, पांढऱ्या मिशीचा, समोरच्याकडे नीट बघून बोलणारा.

सर्वेशने ठरवलं होतं, आज फक्त उजव्या बाजूने खायचं. पण समोर बसलेली माणसं बोलतात, प्रश्न विचारतात, उत्तर द्यावं लागतं. कोंबडीचा तुकडा तोंडात असताना गुरुप्रसादांनी विचारलं, "पावसात काय करतास? दर्या बंद असता तेव्हा?" तो उत्तर द्यायला गेला आणि दाढ गालात रुतली. इतकी की दाताखालून मांस सुटेना. त्याने हात तोंडावर धरला. बाजूला काढला तर बोटांना रक्त.

"काय झाला?" मावशीने विचारलं.

"काय नाय. गाल चावलो."

तो उठून मागीलदारी गेला, चुळा भरल्या. परत आला तेव्हा डावा गाल सुपारी धरल्यासारखा फुगला होता. त्यानंतर त्याने खाल्लं नाही. सोलकढी तेवढी प्यायला, तीही मान उजवीकडे कलती करून. आनंदीचा चेहरा उतरला. इतक्या मेहनतीचं जेवण आणि मुलगा जेवत नाही.

जेवणं झाल्यावर पुरुषमाणसं पडवीत बसली. तिथे बाकावर सत्यवानांची तंबाखूची डबी होती, नेहमीसारखी. गुरुप्रसादांनी डबीकडे बघितलं, मग सर्वेशच्या गालाकडे.

"गुटखो कधीपासून खातास?" त्यांनी विचारलं. आवाज चढवला नाही.

"मी खायनय नाय."

"डबी कोणाची?"

"माझी ती," सत्यवान म्हणाले. "झील हात पण लावना नाय."

गुरुप्रसादांनी मान हलवली. "वायट मानून घेव नका. तोंड उघडून दाखवशात?"

दारात चारुता उभी होती, हातात रिकामा तांब्या. तिने ऐकलं होतं. सर्वेशने तिच्याकडे बघितलं. तिने नजर खाली केली.

बाजारात बैल घेताना दात बघतात, एवढंच त्याच्या मनात आलं.

"नाय दाखवणार," तो म्हणाला. "मी सांगलंय ना, खायनय नाय. पटत नसात तर नको."

"सर्वेश!" सत्यवान ओरडले.

गुरुप्रसाद उठले. रागावल्यासारखे दिसले नाहीत; थकल्यासारखे दिसले. त्यांनी हात जोडले, "बघूया," म्हणाले, आणि मंडळी गाडीत बसून गेली. त्यानंतर त्यांच्याकडून काहीच निरोप आला नाही. चारुताचे फोनही थांबले.

घरात कोणी त्याला थेट बोललं नाही. पण एकदा तो अंघोळ करून आला तर आई त्याच्या पँटचे खिसे उलटे करत होती. तिने चटकन पँट खाली टाकली.

"काय शोधतस?"

"धुवूक घेतलंय."

"धुवूक! आये, तुका पण वाटता?"

आनंदीच्या डोळ्यांत पाणी आलं. "माका काय कळता रे? तू सांगतस गाल चावलो. रोज गाल कोणाचो चावता? आमच्या वाडीत कोणाचो चावत नाय. तुझोच कसो?"

तो तसाच न जेवता किनाऱ्यावर गेला. त्याला सगळ्यांचाच राग येत होता: आईचा, गुरुप्रसादांचा, त्या मशीनवाल्या डॉक्टरांचा, आणि सगळ्यात जास्त तोंडातल्या त्या आडमुठ्या हाडाचा, ज्याला बाहेर यायचं होतं पण सरळ यायचं नव्हतं. पेज, दहीभात, शेवया यांवर दिवस निघत होते. कुर्ल्या, कोळंबी, भाकरी बंद. मालवणात राहून मासा चावता येत नाही, याहून मोठी शिक्षा नव्हती.

नाताळच्या सुट्टीत किनाऱ्यावर उभं राहायला जागा नव्हती. त्या सकाळी सर्वेशचा जबडा आखडलेला होता. तोंडात कशीबशी दोन बोटं जात. दाढेच्या मागे ठणका होता. त्याने गोळी घेतली आणि बोटीवर चढला. जितेंद्रला काही बोलला नाही. बोलून उपयोग काय होता?

साताऱ्याकडचे एक निवृत्त शिक्षक त्याच्या वाट्याला आले. मुलगा-सून वरून टाळ्या वाजवत होते, बायको काळजीत होती. सर्वेशने त्यांना नेहमीचं सगळं सांगितलं, खुणा शिकवल्या, आणि दोघं खाली गेले. गुरुजी छान शांत होते. पिवळ्या पट्ट्यांचे मासे त्यांच्या चेहऱ्यासमोरून गेले तेव्हा त्यांनी अंगठा आणि बोट जुळवून "मस्त" अशी खूण केली.

तेव्हाच एक लाट आली, थोडा हेलकावा बसला. सर्वेशने तोंडातला रबर घट्ट चावला, आणि रबर व दाढ यांच्यामध्ये गालाची घडी सापडली. कळ कानापर्यंत गेली. जबडा तिथेच अडकला. ना मिटेना ना उघडेना. रबर एका बाजूने सुटला, पाणी आत आलं, घशात गेलं. सर्वेशला ठसका लागला. आणि त्या एका क्षणात गुरुजींच्या सिलेंडरवरचा त्याचा हात सुटला.

त्याने लगेच रबर नीट बसवला, लगेच हात पुन्हा पुढे केला. पण गुरुजींनी मागे वळून त्याचा चेहरा बघितला होता. पाण्याखाली माणसाला आपल्या वाटाड्याचा चेहरा तसा दिसला की तो थांबत नाही. त्यांनी हातपाय झाडले, मास्क ओढला, वर झेपावले. खोली फार नव्हती. सर्वेशने त्यांना कमरेला धरून वर ढकललं. वर आल्यावर ते खोकत राहिले, नाकातोंडातून पाणी काढत राहिले, पण ठीक होते. बोटीवर त्यांची बायको रडत होती, मुलगा जितेंद्रवर ओरडत होता.

गुरुजींनी श्वास सावरला आणि सर्वेशकडे बघून म्हणाले, "तुम्हीच सांगितलं होतं ना, तोंडातलं सोडायचं नाही?"

त्यात टोमणा नव्हता. ते खरंच विचारत होते. सर्वेशला तोंड उघडून उत्तरही देता येईना.

किनाऱ्यावर आल्यावर जितेंद्रने त्याला बाजूला नेलं. ओरडेल असं वाटलं होतं, पण जितेंद्रचा आवाज बारीक झाला होता. "माणूस गेलो असतो तर? तू माका सांगलंस कित्याक नाय, इतक्या दुखता म्हणान?"

"सांगलेलं!" सर्वेश दातांतल्या दातांत म्हणाला. "दिवाळीच्या आदी सांगलेलं. तू म्हणालंस, एक दाढ ती."

जितेंद्रने त्याच्या हातातला मास्क काढून घेतला. मग म्हणाला, "आता बरो झाल्याशिवाय पाण्यात उतरूचा नाय."

दुपारीच जितेंद्रने त्याला गाडीवर मागे बसवून मालवणातल्या डॉ. स्वप्ना केळुसकरांकडे नेलं. डॉक्टरीणबाई सर्वेशपेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठ्या असतील. त्यांनी तोंड मोठं उघडायचा आग्रह धरला नाही. जेवढं उघडत होतं तेवढ्यात बघितलं आणि आधी पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढून आणायला सांगितला. तो उजेडासमोर धरून त्यांनी सर्वेशला जवळ बोलावलं.

"हे बघा. ही तुमची खालची डावी अक्कलदाढ. हाडात आडवी झोपलीय, वर आलेलीच नाही. त्यामुळे वरच्या दाढेला चावायला समोर कोणीच नाही. म्हणून ती खाली येत राहिली, आणि येता येता बाहेर कलली, गालाकडे. दिसतंय?"

दिसत होतं. बाकीचे दात रांगेत उभे होते आणि टोकाचा एक रांग सोडून बाहेर डोकावत होता.

"कोपरा घासला होता एकदा," सर्वेश म्हणाला.

"घासल्याने तात्पुरतं बरं वाटतं. दाढ अजून खाली येते, की परत तेच."

"म्हणजे ही सवय नाही?"

"सवय नंतर लागते. कारण हे आहे."

सर्वेश खुर्चीत बसून राहिला. इतके महिने जे तो सगळ्यांना सांगत होता ते या काळ्या फिल्मवर सरळ दिसत होतं. त्याला आनंद व्हायला हवा होता. झाला तो संताप. "हा फोटो आधी कोणी का नाही काढला?" तो जवळजवळ ओरडलाच.

डॉक्टरांनी फिल्म खाली ठेवली. मग म्हणाल्या, "तंबाखू?"

"नाही! कधीच नाही!"

"मी सगळ्यांनाच विचारते." त्यांनी गाल पुन्हा बघितला. "हा पांढरा चट्टा घासून घासून झालेला वाटतोय. पण वाटतोय म्हणून मी सोडून देणार नाही. आधी सूज उतरवू, मग वरची दाढ काढू. खालची सध्या त्रास देत नाहीये, तिच्यावर नुसती नजर ठेवू. दाढ निघाल्यावर दोन-तीन आठवड्यांत चट्टा गेला पाहिजे. नाही गेला तर छोटा तुकडा काढून तपासायला पाठवू."

हे त्याच्या मनातही आलं नव्हतं.

"आणि मी सांगेपर्यंत पाण्याखाली जायचं नाही," त्या म्हणाल्या. "वरच्या दाढेच्या मुळाला लागून नाकाशेजारची पोकळी असते. जखम नीट भरली नाही आणि पाण्याचा दाब आला तर भलतंच होईल."

"मॅडम, हा सीझन आहे!"

"सीझन पुढच्या वर्षीही येईल."

बोलणं सोपं असतं, असं त्याला वाटलं; पण दारात उभ्या असलेल्या जितेंद्रनेच मान डोलावली, त्यामुळे वाद घालायला कोणी उरलं नाही.

सूज उतरल्यावर दाढ निघाली. सुई टोचली, गाल बधिर झाला, डॉक्टरांनी थोडा जोर लावला, कडकड असा आवाज कानाच्या आत आला, आणि "झालं," त्या म्हणाल्या. सर्वेशला विश्वास बसेना. "झालं?" त्याने कापूस चावत विचारलं. ट्रेमध्ये दाढ पडली होती, छोटीशी, पिवळट, मुळं थोडी वाकडी. एवढ्याशा कामासाठी इतके महिने गेले होते. बाहेर पडल्यावर तो गाडीजवळ बराच वेळ नुसताच उभा राहिला. कोणाला तरी शिव्या घालाव्यात असं वाटत होतं आणि तोंड बधिर होतं.

मग किनाऱ्यावरचे दिवस सुरू झाले. दुसरे पोरगे पाण्यात उतरत होते आणि सर्वेश किनाऱ्यावर मास्क धूत होता, टूरिस्टांना लाइफ जॅकेट चढवत होता. जखम भरत होती. पण जेवायला बसला की घास डावीकडे न्यायची भीती वाटायची, आणि गप्प बसला की गाल आपोआप दातांत ओढला जायचा. सवय नंतर लागते, असं डॉक्टर म्हणाल्या होत्या ते हेच. तो दर सकाळी मोबाइलचा उजेड तोंडात पाडून आरशात चट्टा बघायचा.

तपासायला गेला तेव्हा डॉक्टरांनी बराच वेळ बघितलं. "कमी होतोय," त्या म्हणाल्या. "अजून थोडे दिवस." त्यानंतरच्या वेळी म्हणाल्या, "गेला. तुकडा काढायची गरज नाही."

घरी सांगितल्यावर आनंदी देवासमोर जाऊन हात जोडून आली आणि लगेच म्हणाली, "आता त्या डॉक्टरणीकडसून कागद लिहून घे. कट्ट्याक पाठवया. मगे त्यांका कळात, आमचो झील तसलो नाय."

"माका सर्टिफिकेट दिवचा नाय कोणाक!"

"तुझो हट्टच..."

"माझो हट्ट? त्यांनी सगळ्यांसमोर माका तोंड उघड म्हणान सांगला, आणि हट्ट माझो?"

एप्रिल लागला आणि चारुताचा फोन आला. सर्वेश बंदरावर सिलेंडर उतरवत होता. नाव बघून क्षणभर त्याला उचलूच नये असं वाटलं.

"दाढ काढली म्हणून कळलं," ती म्हणाली. "जितूदादांनी आमच्या दुकानात सांगितलं. बोटीसाठी स्क्रू घ्यायला आले होते."

म्हणजे जितेंद्र स्क्रू घ्यायला मालवण सोडून कट्ट्याला गेला होता. सर्वेशला त्याही परिस्थितीत हसू आलं, पण ते त्याने दाबलं.

"आता कशाला फोन केलात?" तो म्हणाला. "त्या दिवशी दारात उभ्या होतात. एक शब्द बोलला नाहीत."

"नाही बोलले." ती म्हणाली. "चुकलं माझं. पण एक विचारू? तोंड उघडून दाखवलं का नाहीत?"

"चोर असल्यासारखं?"

"आमचे मधूकाका रिक्षा चालवायचे, लपून गुटखा खायचे. बाबांचे धाकटे भाऊ. त्यांचाही गाल असाच सुजायचा. ते म्हणायचे, गाल चावला. बाबा म्हणायचे, दाखव. काका रागवायचे, मी काय चोर आहे का म्हणायचे. नाहीच दाखवलं. दाखवलं तेव्हा मुंबईच्या डॉक्टरांनी हात टेकले होते."

बंदरावर कोणीतरी होडीचं इंजिन सुरू करत होतं, ते परत परत बंद पडत होतं.

"तुम्ही अगदी तसंच म्हणालात," चारुता म्हणाली. "बाबांना दिवसभर जेवण गेलं नाही."

त्याला तिच्यावरही राग आला, हे आधी का सांगितलं नाही म्हणून. आणि त्याच वेळी मनात आलं की आपणही आधी काय सांगितलं होतं? नुसतं "नाय दाखवणार" एवढंच. पुढच्या रविवारी तो मोटारसायकल काढून कट्ट्याला गेला. आईला सांगितलं नाही. कागद नेला नाही.

दुकानात गुरुप्रसाद एकटेच होते, पाइपचे तुकडे रचत होते. सर्वेशला बघून त्यांनी स्टूल पुढे केलं.

"त्या दिवशी मी तोंड सोडून बोललंय," सर्वेश म्हणाला. "तसा बोलूक नको होता. पण तुमीपण सगळ्यांसमोर इचारूक नको होता. माका लय राग इलो. अजून आसा."

गुरुप्रसादांनी पाइप खाली ठेवला. "खरा आसा. बाजूक घेवन इचारूक होया होता," ते म्हणाले. "माका थंय मधू दिसलो. दुसरा काय दिसलाच नाय. तुमका मी बघूकच नाय."

एक गिऱ्हाईक आलं, नळाची तोटी घेऊन गेलं. मग गुरुप्रसादांनी मधूबद्दल बोलायला सुरुवात केली. तो रिक्षात कशी नाटकातली गाणी म्हणायचा, पोरांना कशी फुकट शाळेत सोडायचा. सर्वेश ऐकत राहिला. मध्येच गाल दातांत ओढला गेला होता, तो त्याने सोडला.

"बाकीचा तुमी दोघांनीच ठरवा," शेवटी ते म्हणाले. "मी मधी पडणार नाय. ती मागे घरात आसा."

चारुता मागच्या अंगणात कोकमं वाळत घालत होती. तिने मान वर केली. सर्वेश उन्हातच उभा राहिला.

"अजून रागावलायत?" तिने विचारलं.

"थोडो आसंय," तो म्हणाला. फोनवरची शुद्ध भाषा त्याला आता आठवेना. "आणि तुमी?"

"मीपण वायच आसंय," ती म्हणाली. "बाबा तुमच्या घरी अपमान करून घेवन इले, आणि माका कोणी काय इचारला पण नाय." मग तिने कोकमांची चाळणी त्याच्याकडे सरकवली. "उभे कित्याक? ह्या बाजूची पसरा."

तो खाली बसला आणि ओली, लाल फोडी एकेक वेगळी करू लागला.